दुखत नसलेली गाठही दाखवा

ऑक्टोबर हा जगभर स्तनकर्करोग जागृतीचा महिना. ठिकठिकाणी फॅशन शो होतात आणि या आजारातून बऱ्या झालेल्या स्त्रिया, तरुण असोत की आजीबाई, ताठ मानेनं मंचावर चालतात. त्यांना पाहून इतरांची भीड चेपते. जिंतूर, गंगाखेड, पाथरीच्या गावांत हेच काम बचत गटाच्या बैठकीत किंवा हळदीकुंकवालाही होऊ शकतं.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. वीस वर्षांनी दिसलं, की तपासलेल्या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते.

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, ही लक्षणं अंगावर काढू नका. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तिशी ओलांडलेल्या बहिणींनो, आशाताईंना विचारा. सरकारी आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी मोफत होते. जाताना शेजारणीलाही सोबत न्या.