कूलरच्या घरघरीत गाणे ऐकताना
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्धा जिल्ह्यात गाण्याचा मोठा शत्रू कोण, असे कुणी विचारले तर मी बेसूर गायकाचे नाव घेणार नाही, कूलरचे घेईन! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, घरोघरी खिडकीत कूलर घरघरू लागतो. त्याच खोलीत आजी झोपलेली असते, मुले अभ्यास करीत असतात आणि एखाद्याला भीमसेनजींचा खर्ज ऐकायचा असतो. मग तो कानात बारीक इअरफोन घालतो आणि आवाज वाढवत नेतो. कूलरवर मात करण्याच्या नादात आपण कानांवर घाव घालतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा साधी आहे. ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ऐकले तर चालते. तोच आवाज ९० डेसिबल झाला की मर्यादा येते आठवड्याला फक्त ४ तासांवर. मोबाइलवर आवाजाची पट्टी दोन-चार घरे पुढे सरकवणे आपल्याला किरकोळ वाटते, कानाला ते किरकोळ नसते. शिवाय आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

इथे उपयोगी पडतात ते कान पूर्ण झाकणारे, पाठ बंद असलेले हेडफोन. हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. १९६८ साली सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हे उघड्या पाठीचे हेडफोन आणले. अशा हेडफोनमध्ये आवाज मोकळा, ऐसपैस वाटतो, पण बाहेरचे सगळे आत येते आणि आतले शेजाऱ्याला ऐकू जाते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये स्पीकरच्या मागे भक्कम कवच असते. बाहेरचा गोंगाट अडतो आणि म्हणून कमी आवाजातही गाणे पुरते. लोक हे हेडफोन दणदणीत आवाजासाठी घेतात. माझ्या मते ते हळू ऐकण्यासाठी घ्यावेत.

आता निवड कशी करायची? साधारण ५ ते १५ हजार रुपयांच्या पट्ट्यात चांगली मॉडेल्स मिळतात. सोनीचे एमडीआर-७५०६ हे १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत वापरले जाते. ऑडिओ-टेक्निकाचे एम४०एक्स २०१४ मध्ये आले. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोच्या काही प्रकारांना मखमली गाद्या असतात आणि बाहेरचा सुमारे १८ डेसिबल आवाज ते अडवते. पण नावांपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, कानावर नीट बसते का. गादी आणि कान यांच्यात फट राहिली तर बाहेरचा आवाज आत शिरतो आणि डग्ग्याचा भरीव आवाज निसटून जातो. चष्मा असलेल्यांनी चष्मा लावूनच पाहावे, कारण काडीमुळे हमखास फट पडते. दहा-पंधरा मिनिटे घालून बसावे. डोके आवळले जात असेल तर दुकानातच नमस्कार करावा.

दुसरी गोष्ट, आवाज. दुकानदार बहुधा धडधडणारे गाणे लावून देतो. त्याला थांबवून आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण लावायला सांगा. तानपुऱ्याची जवारी झुळझुळते की नुसती गुणगुण ऐकू येते? डग्ग्याची घुमार बाईंच्या किंवा बुवांच्या आवाजावर तर चढत नाही ना? कवचाच्या आत आवाज आपटून घुमला की असे होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घराघरांत पोचवलेली खंजिरी आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या झांजा वेगवेगळ्या वाजायला हव्यात, कानाला टोचता कामा नयेत. आणि दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो.

तिसरी गोष्ट, आपल्या मोबाइलला ते पेलते का. खोक्यावर ओहम हा आकडा असतो. ३२ ते ८० ओहमचे हेडफोन बहुतेक मोबाइलवर चालतात. २५० ओहमच्या हेडफोनला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० अशा तिन्ही प्रकारांत मिळते, तेव्हा आकडा पाहूनच पैसे द्यावेत. अनेक नव्या मोबाइलना हेडफोनचे गोल छिद्रच नसते. त्यासाठी छोटा जोड वेगळा घ्यावा लागतो.

चौथी गोष्ट, टिकाऊपणा. घामाने आणि पावसाळी दमटपणाने रेक्झिनच्या गाद्यांची सालपटे निघतात. उन्हाळ्यात कानही भिजतात. मखमली गादी थंड वाटते, पण आवाज थोडा कमी अडवते. गाद्या सुट्या मिळतात का आणि बदलता येतात का, हे घेण्याआधीच विचारा. वायरचेही तसेच. एम४०एक्सची वायर काढून दुसरी लावता येते, ७५०६ची येत नाही. नावाजलेल्या मॉडेलच्या नकलाही बाजारात फिरतात, म्हणून पक्के बिल आणि वॉरंटी हवीच. आपल्या गावात ऐकून पाहण्याची सोय नसेल तर नागपूरला जाणे जमवावे, किंवा परत करण्याची मुभा असेल तरच घरपोच मागवावे.

बॅटरीवर चालणाऱ्या, गोंगाट मारणाऱ्या हेडफोनांचे काय? कूलरची संथ, खालच्या पट्टीतली घरघर नुसत्या गादीने पूर्ण अडत नाही. ती मारण्यात हे इलेक्ट्रॉनिक तंत्र खरोखर तरबेज आहे. मात्र त्याच किमतीतला काही पैसा त्या यंत्रणेवर खर्च होतो आणि बॅटरी वर्षागणिक थकते. दुपारभर कूलरजवळच बसणाऱ्याने ते जरूर घ्यावे. रात्री, पहाटे शांतपणे ऐकणाऱ्याला वायरवालेच किफायतशीर.

एक सावधगिरी मात्र हवी. कान बंद करून रस्त्याने किंवा रेल्वे फाटकातून जाऊ नये. घरातही आजीची हाक ऐकू यावी म्हणून अधूनमधून हेडफोन काढावेत, तेवढीच कानांनाही विश्रांती.

आणि हेडफोन घरी आल्यावर एक करून पाहा. कूलर सुरू ठेवून, आवाजाची पट्टी अगदी खाली आणून, तानपुरा नीट ऐकू येईल इतपतच ती वाढवा. तिथेच थांबा. पूर्वीपेक्षा ती बरीच खाली थांबली, तर पैसे वसूल झाले असे समजा.