साखर विचारली, घर विचारलं नाही

(गुढीपाडव्याच्या स्नेहमेळाव्यात मंदिराच्या सभागृहात केलेले भाषण)



2020 च्या मार्चमध्ये इथे न्यू जर्सीत सारं बंद झालं आणि आम्ही डॉक्टर फोनवरून रुग्ण तपासू लागलो. त्यांत आपल्याच एक आजी होत्या. मुलाचं रेस्टॉरंटमधलं काम सुटलेलं. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली नव्हती, म्हणून आजींना मेडिकेअरही नाही. साखर तीनशेच्या खाली येईना. मी दोनदा इन्सुलिन वाढवलं.

मग दवाखान्यातल्या केअर कोऑर्डिनेटर बाईंनी फोन करून विचारलं, "आजी, बाटलीत इन्सुलिन किती उरलंय?" तेव्हा कळलं, पुरवून पुरवून वापरायचं म्हणून आजी निम्माच डोस घेत होत्या. मी वाढवलेला डोस त्यांनी पुरा घेतला असता, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतलं असतं. मी साखर विचारली, घर विचारलं नाही. चूक माझी होती.

त्या बाईंनी कमी दरातलं इन्सुलिन मिळवून दिलं, फूड बँकेतून शिधा आणवला, दर आठवड्याला फोन केला आणि प्रत्येक गोष्ट मला कळवली. मी डोस नव्याने ठरवला. हळूहळू साखर आटोक्यात आली. डॉक्टर, नर्स, औषधाचं दुकान आणि घर यांना जोडणारं एक माणूस असणं, यालाच समन्वित उपचार म्हणतात.

महामारी ओसरली, पण गरज संपलेली नाही. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. मेडिकेअर असलेल्यांना 2023 पासून योजनेतल्या प्रत्येक इन्सुलिनसाठी महिन्याला 35 डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. विमा नसेल, तर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्न पाहून फी घेतात. अन्नाची किंवा भाड्याची अडचण असेल, तर 211 वर फोन करा. औषध परवडत नसेल, तर डोस तोडू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यात कसला कमीपणा?

मंदिराच्या फोन-सेवेसाठी स्वयंसेवक हवे आहेत. आठवड्यातून दोन ज्येष्ठांना फोन करायचा आणि तीनच प्रश्न विचारायचे: औषध किती दिवसांचं उरलंय? आज काय जेवलात? डॉक्टरांकडे न्यायला कोणी आहे का? डोस मात्र आपण सांगायचा नाही. अडचण दिसली, तर त्यांच्या संमतीने दवाखान्याला कळवायचं. तपासणीच्या पट्ट्या आणि शिधा यांसाठी कल्याण निधीला यथाशक्ती हातभार लावा. ज्यांना मदत हवी आहे, त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. ते बाहेर जाणार नाही.

बाप्पा सर्वांना उत्तम आरोग्य देवो.