नांवाचें नातें व नादाचें नातें

टँबोरीन हें नांव प्रथम कानीं पडलें म्हणजे मराठी श्रोत्याच्या मनांत सहजच तंबोरा उभा राहतो. शब्द इतके सारखे, तेव्हां वाद्यांचेंही कांहीं नातें असेल असें वाटतें. वस्तुतः एकास तारा, तर दुसऱ्यास कातडें. मग नांवांत हें साम्य आलें कोठून?

इंग्रजी शब्द फ्रेंच ‘तांबुरँ’वरून आला. ‘तांबूर’ म्हणजे ढोल. त्याचें हें लघुत्वदर्शक रूप. फारसींत ‘तबीर’ हें ढोलाचें नांव, तर अरबींत ‘तुंबूर’ हें तारांच्या वाद्याचें. फ्रेंच शब्द घडतांना या दोहोंची सरमिसळ झाली असावी, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपला तंबोरा तारांच्या कुळांतला.

मौज अशी कीं, खुद्द फ्रान्समध्यें ‘तांबुरँ’ म्हणजे टँबोरीन नव्हे. प्रोव्हांस प्रांतांत तें नांव एका लांबट ढोलाचें आहे. वादक एका हातानें पांवा वाजवितो व दुसऱ्या हातानें ढोलावर टिपरूं मारतो. टँबोरीनला फ्रेंच लोक ‘बास्क ढोल’ म्हणतात.

तेव्हां नांव सोडून वाद्याच्या अंगाकडेच पाहावें. लांकडी कडें, एका बाजूस ताणलेलें कातडें आणि कड्याच्या खांचांत धातूच्या चकत्यांच्या जोड्या. तळव्यानें थाप द्यावी, मनगटानें हलवावें, अथवा ओलसर आंगठा कडेनें घासून सलग नाद काढावा. हें वर्णन ऐकून भजनांतली खंजिरी कोणास आठवणार नाहीं? कडें मोठें केलें व चकत्या काढल्या कीं झाला डफ!

डफाच्या नांवाचा प्रवास मात्र सरळ आहे. मूळ अरबी ‘दफ्फ’ फारसीच्या वाटेनें मराठींत आला. तोच पश्चिमेस जाऊन पोर्तुगालांत ‘अदुफे’ झाला. तेथील खेड्यांत स्त्रिया चौकोनी अदुफे वाजवीत गातात.

या घराण्यास मानही मिळाला आहे. चायकोव्स्कीच्या १८९२ सालच्या ‘नटक्रॅकर’ नृत्यनाट्यांत अरबी नृत्यास टँबोरीनची साथ आहे. दक्षिणेकडील मैफलींत खंजिरी मृदंगाच्या शेजारीं बसते. महाराष्ट्रांतील डफ मात्र शाहिराच्या हातीं पोवाड्यास जोर देत राहिला. तंबोऱ्याच्या बैठकींत त्यास जागा मिळाली नाहीं. परदेशी टँबोरीनचें कौतुक करणारानें, त्याचा खरा भाऊ आपल्याच अंगणांत उभा आहे, हें विसरूं नये.