अण्णांची चेतक आणि पत्र्याचं झाकण

आज कोडिंग नाही. आज एका पत्र्याच्या झाकणाबद्दल बोलायचंय.

आमच्या बीडच्या घरी अण्णांची बजाज चेतक आहे, 1997 ची. अण्णा झेडपी शाळेत शिक्षक होते, नेकनूरच्या बाजूला. रोज याच गाडीवर जायचे. रिटायर झाले आणि गाडी शेडमध्ये गेली. मी घरून काम करायला बीडला आलो, तेव्हा तिच्यावर रिकाम्या गोण्या रचलेल्या होत्या. म्हटलं, हिला नवी करू. अण्णा म्हणाले, "कर. पण चालली पाहिजे."

टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं झालेलं. कार्ब्युरेटर तीनदा खोलला. (जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेनं फुंका.) क्लच आणि गियरच्या केबल नव्या टाकल्या. पायाखालचा पत्रा गंजला होता, तिथं मात्र वेल्डर गाठला, कारण चेतकला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार उचलते. दोन महिने गेले. मग एका रविवारी गाडी तिरकी केली, किक मारली, आणि गल्लीभर निळा धूर!

इथं थांबलो असतो तर हा एपिसोड झालाच नसता.

मला ती कस्टम करायची होती. रील्समध्ये कशा, इंजिन उघडं ठेवलेल्या गाड्या असतात! मी उजवीकडचं कव्हर काढलं आणि आत सिलिंडरवर बसणारं पत्र्याचं झाकणही काढलं. काळं, चेपलेलं, कुरूप. भंगारवाल्याला देऊन टाकलं. माझं लॉजिक असं की इंजिन एअर-कूल्ड आहे, उघडं ठेवलं तर आणखी थंड राहील. बीटेक झालेल्या माणसाचं लॉजिक.

एप्रिलमध्ये अण्णांना मागं बसवून मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज कोरडा झाला आणि मागचं चाक एकदम जाम. मागून ट्रक येत होता. मला काही सुचेना. अण्णा ओरडले, "क्लच दाब! क्लच!" डावी मूठ आवळली, चाक सुटलं, गाडी कडेला घेतली. ट्रक हॉर्न देत गेला.

अण्णा खाली वाकून बघत म्हणाले, "ह्याचं झाकण कुठाय?"

"काढलं."

"का काढलंस?"

चांगलं दिसतं म्हणून, हे मला बोलता आलं नाही.

झालं काय होतं, ते सांगतो. मोटरसायकलचं इंजिन समोरच्या वाऱ्यात असतं. चेतकचं मागच्या चाकाजवळ, बॉडीच्या आड. तिथं वारा पोचत नाही. म्हणून फ्लायव्हीलला पंखा असतो आणि ते झाकण पंख्याची हवा वळवून सिलिंडरच्या पट्ट्यांमधून नेतं. झाकण नसेल तर हवा बाजूनं निघून जाते. चढ, दोन माणसं, आपलं ऊन... ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो आणि आत अडकतो. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचंही तेच. इंजिन मागं, रेडिएटर नाही, पंखा आणि भोवती पत्रे. ती गाडी मेक्सिकोत 2003 पर्यंत बनत होती, तेही या पत्र्यांसकट.

आणि चेतक आली 1972 साली, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. पाणी न लागणारं इंजिन! बीडसाठी याहून बरं काय असणार. असो.

सिलिंडर लेथवर बोर करून आणला, एक साइज मोठा पिस्टन टाकला. झाकण मिळायला मात्र तीन आठवडे लागले. शेवटी संभाजीनगरच्या जुन्या बाजारात मिळालं, तेही चेपलेलं. अण्णांनी ते माझ्या हातातून घेतलं, अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि हातोडीनं हळूहळू सरळ केलं. घाटानंतर ते गाडीला पहिल्यांदाच हात लावत होते.

मॅट ब्लॅक रंगाचं सध्या बारगळलंय. रंग बदलला की आरसीवर नोंद करावी लागते, आणि तो विषय घरात काढायची माझी हिंमत नाही.

आता नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी सावकाश चालवायची आहे, घाट नाही, डबलसीट नाही. हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय. सकाळी दूध आणायला जातात, आल्यावर वहीत किलोमीटर लिहितात. काल आकडा 212 होता. "पाचशे होऊ दे," म्हणतात. किल्ली त्यांच्याच खिशात असते.