रग्बीपटू मुलांच्या कसोट्या : आकडा कितपत विश्वासार्ह?



मुंबईतील बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ब्रिटिश अमदानीपासून रग्बी खेळली जात असली, तरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हा खेळ दीर्घकाळ अपरिचितच राहिला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंच्या रग्बीला स्थान मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरी येथे रग्बी प्रीमिअर लीगचे पहिले पर्व पार पडले. सात-सात मिनिटांच्या दोन सत्रांचा हा खेळ. चेंडू हाताने पुढे देता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यास अंगाने भिडून पाडण्याची मुभा असते. साहजिकच त्यासाठी वेग, दम, ताकद आणि हाताचे कसब ही सर्व हवीत. खेळ वाढला की निवड आली आणि निवड आली की कसोट्या आल्या.

कसोटीविषयी दोन प्रश्न विचारावयाचे असतात. जे मोजावयाचे आहे तेच ती मोजते काय, हा पहिला. उद्या तीच कसोटी त्याच मुलाची पुन्हा घेतली तर तेच उत्तर येईल काय, हा दुसरा. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. दुसरा बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक एका सकाळच्या एका आकड्यावरून तेरा वर्षांच्या मुलाला नाकारले जाते, तेव्हा त्याचे भवितव्य या दुसऱ्या प्रश्नावरच टांगलेले असते.

तीस मीटर धावण्याची साधी चाचणी घ्या. शिट्टी वाजते, मुलगा निघतो आणि दुसऱ्या टोकाचा शिक्षक शिट्टी ऐकून घड्याळाची कळ दाबतो. कळ दाबण्यास विलंब लागतोच. म्हणूनच १०० मीटर शर्यतीत हातघड्याळाची वेळ विद्युत् घड्याळाच्या वेळेशी ताडताना तीत ०.२४ सेकंद मिळविण्याचा संकेत आहे. तो विलंब प्रत्येक वेळी सारखा असता तर बिघडले नसते. तो माणसागणिक, किंबहुना त्याच माणसाच्या बोटागणिक बदलतो. आता समजा, वीस मुलांची ही चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घेतली. प्रत्येकाच्या दोन वेळांतील फरक मांडला, त्या फरकांचे प्रमाण विचलन काढले आणि त्याला १.४१ ने भागले, की त्या चाचणीची नेहमीची चूक हाती येते. प्रमाण विचलन ०.१४ सेकंद आले, तर चूक ०.१० सेकंद ठरली. मग एकाची वेळ ४.९ आणि दुसऱ्याची ५.० सेकंद आली म्हणून पहिल्यास घेऊन दुसऱ्यास परत पाठविण्यास आधार कोणता? गणित शिकविणारे सहकारी प्रत्येक शाळेत असतात. हा हिशेब त्यांच्या एका दुपारचा आहे.

दम मोजण्यासाठी वीस मीटरच्या फेऱ्यांची चाचणी सर्वत्र रूढ आहे. कॅनडातील माँट्रियल येथील लूक लेजे यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ती मांडली. तिच्या रूढ प्रकारात ताशी ८.५ किलोमीटर वेगाने आरंभ होतो, दर मिनिटास वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो आणि मुलाने ध्वनीच्या आत पलीकडची रेषा गाठावयाची असते. येथे फसगत मैदानातच होते. फक्कीच्या रेषा पावलांनी मोजून आखल्या आणि अंतर एकोणीस मीटर भरले, तर प्रत्येक टप्प्यावर मुलाला पाच टक्के कमी वेग पुरतो. त्या मैदानावरचा मध्यम मुलगा शेजारच्या तालुक्यातील उत्तम मुलाला मागे टाकतो. ऊन, ओली माती, पायात बूट आहेत की नाहीत, सकाळी काही खाल्ले की नाही, यांचाही परिणाम होतो. पहिल्यांदाच ही चाचणी देणाऱ्या मुलाला दम कसा राखावा हे ठाऊक नसते. म्हणून एक सराव फेरी आधी द्यावी आणि तिचे गुण धरू नयेत.

कौशल्याचे मापन याहून अवघड. ‘पास चांगला देतो’ हे मत झाले, माप नव्हे. धावता धावता डाव्या व उजव्या हाताला ठरावीक अंतरावरील टांगलेल्या कड्यातून दहा-दहा पास देण्यास सांगितले, तर निदान मोजता तरी येते. अंगाने भिडण्याच्या कौशल्यासाठी ऑस्ट्रेलियातील टिम गॅबेट यांनी रग्बी लीगच्या खेळाडूंचे चित्रण करून ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची पद्धत वापरली. शाळेतही डोके बाजूला ठेवले काय, खांद्याने भिडला काय, हातांनी कवटाळले काय, पाय चालू राहिले काय, असे निकष लिहून ठेवता येतात. दोन शिक्षकांनी एकमेकांस न विचारता गुण द्यावेत आणि मग ताळा पाहावा. तफावत मोठी असेल तर दोष मुलात नसून निकषांच्या शब्दांत असतो. या कसोटीत मान सांभाळण्याचा प्रश्न असल्याने ती शिकविल्याखेरीज घेऊच नये.

सर्वांत मोठी गफलत वयाची. मुलांची उंची साधारणपणे चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते. एखाद्याची बाराव्या वर्षी, तर एखाद्याची सोळाव्या. लवकर वाढलेला मुलगा प्रत्येक कसोटीत सरस ठरतो आणि ते गुण त्याच्या कसबाच्या नावे जमा होतात. ब्रिटनमधील कनिष्ठ रग्बी लीगच्या अभ्यासात निवड झालेल्यांमध्ये निवडवर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक आढळले. तिकडे जन्मतारीख तरी खरी असते. आपल्याकडे दाखल्यावरील १ जून ही तारीख पुष्कळदा जन्माची नसून शाळाप्रवेशाच्या सोयीची असते! म्हणून उंची व वजन दर तीन महिन्यांनी नोंदवावे आणि ज्याची वाढ व्हावयाची आहे त्याला वर्षभराने पुन्हा बोलवावे.

महाराष्ट्रातील क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीतही उंची, वजन, ३० मीटर व ८०० मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक अशाच कसोट्या असतात. त्यामुळे ही दक्षता केवळ रग्बीपुरती नाही. पंचायतीने पोलादी टेपने मोजून गावच्या मैदानावर वीस व तीस मीटरच्या खुणांचे दगड कायमचे रोवून द्यावेत. शाळेने एक नोंदवही ठेवावी आणि तीत तारीख, वेळ, जमिनीची स्थिती, मोजणाऱ्याचे नाव आणि प्रत्येक मुलाचे एक नव्हे, तिन्ही प्रयत्न लिहावेत.