झाकणावरचा आकडा वाचा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत पाळीवर जाणारे असोत, की महामार्गाने रोज भंडारा-नागपूर करणारे, डिस्क ब्रेकची गाडी आता अनेकांकडे आहे. गॅरेजात गेलो की इंजिन ऑइलची चौकशी आपण आठवणीने करतो. ब्रेक ऑइलची करत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

ब्रेक दाबला की तो जोर चाकापर्यंत नेतं ते हे द्रव. द्रव दबून आकसत नाही, म्हणून ब्रेक लागतो. पण चिखलदऱ्याचा घाट उतरताना ब्रेक सारखा धरून ठेवला, की पॅड तापतात आणि ती उष्णता द्रवात उतरते. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ मात्र दबते. पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

ब्रेक ऑइलच्या डॉट 3, डॉट 4 अशा प्रती असतात. नवं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट 4 किमान 230 पर्यंत, असं मानक आहे. पण ही द्रवं हवेतली ओल शोषतात. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, की याच मर्यादा 140 आणि 155 वर येतात! आपल्या धानाच्या जिल्ह्यात पावसाळ्यात हवा किती दमट असते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून गाडी फारशी चालली नसली, तरी साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलाच.

घ्यायचं कोणतं, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच छापलेलं असतं. डॉट 4 लिहिलं असेल तिथे स्वस्त पडतं म्हणून डॉट 3 भरू नका. डॉट 5.1 आणि डॉट 5 यांत तर मोठीच गफलत होते. 5.1 हे नेहमीच्याच जातीचं, पण डॉट 5 सिलिकॉनचं; ते यांतल्या कशातच मिसळायचं नाही. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी सील फुगून निकामी होतात.

पातळी उतरलेली दिसली, तर वरून भर घालून मोकळे होऊ नका. पॅड झिजलेत की कुठे गळतंय, ते मेकॅनिककडून बघून घ्या. बाटली छोटी आणि सीलबंद घ्या. महिनोन्‌महिने उघडी पडलेली नको. आणि भरताना गाडीच्या रंगावर थेंब सांडला, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.