पांढरं जाणं अंगावर काढू नका

झाशीतल्या आपल्या मराठी घरांतही हा विषय दबक्या आवाजातच निघतो. ‘अंगावरून जातंय’ एवढं म्हणून बाई गप्प बसते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आधी तपासणी-उपचार मिळाले होते फक्त ८ टक्क्यांना. म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

आता ओळखायचं कसं? दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव, खूप खाज आणि आग, पण वास फारसा नाही, तर बहुधा बुरशी. पातळ, करडा स्राव आणि माशांसारखा वास असेल, तर बहुधा जिवाणू. बुरशीला क्लोट्रिमाझोल लागतं, जिवाणूंना मेट्रोनिडाझोल. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून तपासून घ्या. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमानं खाज थांबते, पण बुरशी वाढते.

आतून साबणानं किंवा जंतुनाशकानं धुऊ नका. योनीतले चांगले जिवाणू आम्लता राखतात. धुण्यानं तेच जातात.

बुरशी पुन्हापुन्हा होत असेल, तर रक्तातली साखर तपासा. गरोदर असाल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मोफत मिळतात.

आणि हे आपल्या लेकी-सुनांनाही मोकळेपणानं सांगा.